रबरबँड लावलेली गौर

बोरीवली पूर्वेला, आमच्या इमारतीच्या मागे, दहिसर नदीच्या काठावर एक पिवळा बोर्ड आहे. त्यावर लिहिलंय, ‘नदीत निर्माल्य, हार, फुले, पाने किंवा कोणतीही वस्तू टाकू नये. टाकणाऱ्याचा फोटो काढून जाहीर केला जाईल.’ खाली संयोजकाचं नाव आहे आणि ते मजकुरापेक्षा मोठ्या अक्षरात आहे. नाव माझं, श्यामसुंदर. अक्षर एवढं मोठं कशाला काढलंस, असं मी रंगाऱ्याला चारचौघांत दरडावून विचारलं होतं. तो म्हणाला, तुम्हीच सांगितलंत ना साहेब. मग मी विषय बदलला.

विमा कंपनीतून निवृत्त झालेला माणूस साधारणपणे एक तर देवाला लागतो किंवा शेअर बाजाराला. मी नदीला लागलो. एक ऑनलाइन कोर्स केला, फोनमध्ये झाडं ओळखणारं अ‍ॅप घेतलं, खिशाखिशांचं जाकीट घेतलं आणि दर रविवारी सकाळी लोकांना काठावरून फिरवायला लागलो. पहिल्याच फेरीत मी वाळुंजाच्या झाडाला नीलगिरी म्हणालो आणि देवनळाच्या बेटाकडे हात करून ‘हा जंगली ऊस’ असं ठणकावून सांगितलं. एका काकांनी तोडून चावूनही पाहिला. या सगळ्याचं रेकॉर्डिंग नंदाकडे आहे.

नंदा म्हणजे आमच्या बी विंगमधली नंदा. मूळची वाशीमकडची, महापालिकेच्या रुग्णालयातून हेड सिस्टर म्हणून निवृत्त झालेली. आम्ही या इमारतीत एकाच वर्षी राहायला आलो, त्यामुळे अरेतुरेची ओळख. नदीचा गट तिनं आणि मी मिळून काढला. कामाची वाटणीही पहिल्या दिवसापासून ठरलेली आहे. मी बोलतो आणि ती करते.

बोलायला मात्र मला चांगलं जमतं, हे माझे शत्रूही कबूल करतील. मी लोकांना सांगतो, की नदीचा काठ म्हणजे आपली सोसायटीच समजा. पाण्याला टेकून लव्हाळे आणि पाणकणीस राहतात, ते तळमजलेवाले. पूर आला की पहिलं पाणी यांच्या घरात, पण कधी तक्रार नाही. त्यांच्यावर रानअळू आणि देवनळ. त्याच्या वर करंज, वाळुंज, उंबर. यांनी मुळांनी काठ आवळून धरलाय म्हणून बाकीचे जागेवर आहेत. आणि कुणाला न विचारता घुसलेला भाडेकरू म्हणजे बेशरम. त्याला कितीही नोटिसा द्या, तो जांभळी फुलं काढून हसत उभा. लोक हसतात. लोक हसले की मला वाटतं, ते शिकले.

नदीला दोन्ही बाजूंनी भिंत बांधत आणलेली आहे. पण आमच्या मागचा म्हातारा उंबर आडवा आला आणि भिंत त्याच्या अलीकडेच थांबली. त्यामुळे आमच्या वाट्याला अजून मातीचा उतार आहे, रिक्षा स्टँडएवढा. आमची सगळी सोसायटी, म्हणजे लव्हाळ्याची वगैरे, एवढ्याच जागेत राहते. आणि याच उतारावर पूर्वी श्रावण लागला की तेरडा उगवायचा. भाद्रपदापर्यंत उतार गुलाबी व्हायचा.

हा तेरडा आमच्या घरात फार महत्त्वाचा. आमची गौर तेरड्याची. मूर्ती नाही, खडे नाहीत. पाण्याकाठचा तेरडा मुळासकट उपटून आणायचा, त्याची जुडी पाटावर उभी करायची, तिला साडी नेसवायची, मुखवटा लावायचा, की ती गौर. आणायला घरची बाई जाते. तिनं वाटेत बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही, आणि मोह नको म्हणून तोंडात पाण्याची चूळ धरायची. सोबत जो जाईल त्यानंही धरायची. लहानपणी मला बरोबर नेत नसत. मला चूळ धरता यायची नाही, मध्येच काहीतरी सांगायचं असायचं.

आई, म्हणजे वनमालाबाई, आता ऐंशीच्या पुढे आहे. इथं राहायला आल्यापासून दरवर्षी तिनं या उतारावरूनच गौर आणली. पडली आणि खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून माझी बायको क्षमा आणायला लागली. तिसऱ्या दिवशी गौर तिथंच नेऊन पाण्यात बोळवायची, दहीभाताची शिदोरी देऊन. बरीच वर्षं हे असं चाललं.

मग मी नदीला लागलो.

पहिल्याच वर्षी मी बोर्ड लावला. सोसायटीच्या फाटकाशी हिरवा निर्माल्य कलश आणून ठेवला. आणि नियम आधी स्वतःच्या घरी लागू केला पाहिजे, म्हणून आमचीच गौर त्या कलशात घालताना फोटो काढून घेतला. फोटोत मी हसतोय, क्षमा हसत नाहीये आणि आई फोटोत नाहीच. ‘सुरुवात स्वतःपासून,’ असं खाली लिहून मी तो गटावर टाकला. त्याला इतके अंगठे आले की मी जेवताना फोन ताटाशेजारी ठेवला होता.

पुढच्या वर्षी उतारावर तेरडा विरळ दिसला. जेमतेम एक जुडी निघाली. त्याच्या पुढच्या वर्षी काहीच नाही. क्षमानं बाजारातून जुडी आणली. गेल्या वर्षीही तेच. मी रविवारच्या फेरीत या विषयावर बोलायला लागलो. तेरडा का नाहीसा झाला याची माझ्याकडे एकाहून एक कारणं होती. वरच्या अंगाला बांधलेली भिंत, सांडपाण्यातला साबण, बदललेला पाऊस, बेशरमची दादागिरी. एकदा मी पीएचसाठी ‘मातीचा सामू’ असा शब्द वापरला आणि त्या दिवशी मला घरी आल्यावर भूकच लागली नाही, एवढं समाधान झालं.

यंदा श्रावण संपत आला असताना आई बाल्कनीत बसून कडवे वाल सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, “यंदा गौर नको.”

क्षमा स्वयंपाकघरातून बाहेर आली. “नको म्हणजे काय, आई?”

“बाजारातली नको. दोन वर्षं बसवली. पण ती आपली वाटत नाही मला. परक्या बाईला साडी नेसवल्यासारखं होतं. नदीवर उगवली तर आणा. नाही उगवली तर समजायचं, तिला आपल्याकडं यायचं नाही.”

“अगं, मग पुढच्या वर्षी बघू,” मी म्हणालो.

“पुढच्या वर्षी नाही. सासूबाईंचं सांगणं होतं, एकदा खंड पडला की गौर संपली. परत बसवायची नाही.” तिनं हातातला वाल वाटीत टाकला. “संपू दे. माझ्या हातून संपायची होती, संपू दे.”

हे तिनं इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला पटकन काही सुचलं नाही, आणि सुचलं नाही की मी जे करतो तेच केलं. “आई, यात तुझा काही संबंध नाही,” मी म्हणालो, “हा पर्यावरणाचा प्रश्न आहे.” आणि तिला भिंत, साबण आणि सामू समजावून सांगितला. ती वाल सोलत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, “झालं? मग जरा पाणी आण.”

पण ती रात्री जेवली नाही नीट. दुसऱ्या दिवशी तिनं गौरीचा मुखवटा कपाटातून काढला, पुसला आणि जुन्या धोतरात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवायला क्षमाकडे दिला. ज्या वस्तू आम्ही परत काढत नाही, त्या वरच्या फळीवर जातात. क्षमा मला म्हणाली, “तुम्ही नदीचे एवढे मोठे. एक तेरडा आणता येत नाही?”

मी शोधला. उंबरापासून वरच्या पुलापर्यंत, पलीकडच्या काठाला, भिंतीच्या भेगांतसुद्धा. नॅशनल पार्कात तेरडा भरपूर, पण तिथून पानही उचलायचं नाही हे मीच दर रविवारी लोकांना बजावतो. अ‍ॅपनं एका रोपाला तेरडा म्हटलं तेव्हा मी आनंदानं ओरडलो. ती मिरची निघाली. कुणीतरी वडापावबरोबरची टाकली असणार.

गौरी आवाहनाच्या आदल्या दिवशी मला कल्पना सुचली. माझ्या कल्पना मला नेहमी उत्तम वाटतात, हीच त्यांची अडचण आहे. बाजारातून तेरड्याच्या जुड्या आणायच्या, पहाटे उतारावर चिखलात रोवायच्या, आणि सकाळी क्षमानं आईच्या डोळ्यांदेखत, म्हणजे बाल्कनीतून आईला दिसेल अशा बेतानं, त्या उपटून आणायच्या. नदीवरची गौर! खंड नाही, खेद नाही.

“तुम्हाला खोटं बोलता येत नाही,” क्षमा म्हणाली. “ऑफिसात रजा मारायची असली की आदल्या दिवसापासून खोकायला लागायचात.”

“यात बोलायचंय कुठं? तोंडात तर चूळ असणार.”

मी स्टेशनजवळच्या बाजारातून चांगल्या टपोऱ्या, मुळासकट असलेल्या जुड्या आणल्या आणि गाडीच्या डिकीत, ओल्या गोणपाटात लपवून ठेवल्या.

उजाडता उजाडता मी उतारावर गेलो. पाऊस नव्हता. चिखल होता आणि तो भरपूर होता. घाईत हाताला आला तो टी-शर्ट घातला होता. मी गुडघ्यावर बसलो आणि एकेक रोप वेगळं करून, बोटानं भोक पाडून, रोवायला लागलो. एरवी मी काठावर उभा राहून बोलतो, काठावर हात टेकून बसायची माझी ही पहिलीच वेळ. खालून काठ वेगळाच दिसतो. लव्हाळ्याच्या मुळांनी धरलेली माती थंड होती, उंबराची मुळं खेकड्यासारखी माझ्याभोवती पसरली होती, आणि सगळ्याला साबणाचा नव्हे, आणखी कशाकशाचा वास येत होता.

रोपं धरायची म्हणून मी जुडी जरा आवळली आणि काहीतरी फुटलं. तोंडावर बारीक खडे मारावेत तसं काही आलं. मी दचकून जुडी सोडली. पुन्हा धरली, पुन्हा तेच. तेरड्याची बोंडं. पिकलेलं बोंड हात लागताच तडकतं, त्याच्या पाकळ्या गोल वळतात आणि बिया लांबवर उडतात, हे मी रविवारच्या फेरीत लोकांना हाताची मूठ उघडून, तोंडानं ‘फट्’ असा आवाज काढून दाखवत आलोय. मुलांना फार आवडतं. प्रत्यक्षात बोंड मी कधी हातात धरलं नव्हतं. बिया माझ्या चष्म्यावर बसल्या, मिशीत बसल्या आणि बाकीच्या सगळ्या चिखलात.

मी त्या चिखलातल्या बियांकडे बघत राहिलो. आणि मग माझ्या डोक्यात, विमा कंपनीत कधी पडला नव्हता असा, लख्ख प्रकाश पडला.

तेरडा दरवर्षी मरतो. दरवर्षी बियांतून नव्यानं यावा लागतो. आई दर भाद्रपदात उतारावरचा जवळजवळ सगळा तेरडा उपटायची. पण तीन दिवसांनी, बोंडं पिकल्यावर, तोच तेरडा परत तिथंच आणून, पाण्याच्या कडेला, हातानं दाबून बोळवायची. गौर इथून जायची, बी इथं टाकून जायची. भिंत नाही, साबण नाही, सामू नाही. ती बी गेली चार वर्षं हिरव्या कलशात जात होती, आणि कलश कुठं रिकामा होतो हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं. उतारावरचा तेरडा मी घालवला होता. वर बोर्ड लावून, मोठ्या अक्षरात सही करून.

मला चिखलात बसून हसू आलं आणि लगेच रडूही आलं. कारण मला आईचा तो आवाज आठवला. माझ्या हातून संपायची होती, संपू दे.

तेवढ्यात मागून आवाज आला. “काय रे श्याम? तू?”

नंदा उभी होती. हातात फोन.

“नंदा, फोटो काढू नकोस.”

“काढला.”

“टाकू नकोस मग.”

“टाकला रे बाबा! मला काय माहीत तू आहेस? वरून बघितलं तर कुणीतरी वाकून नदीत झाडपाला घालतंय. बोर्डावर काय लिहिलंय? मी नियम पाळला.”

मी फोन काढून बघितला. गटावर माझ्या पार्श्वभागाचा अत्यंत स्पष्ट फोटो होता. वर पाठीवर टी-शर्टवरची अक्षरं, ‘नदी माझी माय’. त्याच्यावर पिवळा बोर्ड आणि बोर्डावर माझं नाव. खाली नंदानं लिहिलं होतं, ‘आपलाच टी-शर्ट घालून नदीत कचरा! ओळखता आल्यास कळवा.’ एवढ्यात एकानं ‘निर्लज्ज’ लिहिलं होतं, एकानं ‘ॲडमिननी कडक कारवाई करावी,’ आणि देवनळ चावलेल्या त्या काकांनी, ‘बांधा ओळखीचा वाटतो.’

“वाट लागली,” मी म्हणालो.

“लागलीच. पण हे चाललंय काय?”

मी तिला सगळं सांगितलं. मुखवटा वरच्या फळीवर गेला तिथपासून बियांपर्यंत. माझा अंदाज होता, ती हसेल. नंदाच्या घरी गौर-गणपती नाहीत, बाबासाहेब आणि बुद्ध आहेत, आणि आमच्या सणांची ती एरवी माझ्यासमोर यथेच्छ थट्टा करते. पण ती खाली बसली आणि एक रोप नीट उभं करून त्याच्या बुडाशी माती दाबली.

“तुझ्या गौरीतलं मला काही कळत नाही,” ती म्हणाली, “पण म्हातारी उपाशी राहते हे बरोबर नाही. आणि तुला झाड लावतासुद्धा येत नाही. सरक तिकडं.”

आम्ही दोघांनी मिळून रोपं लावली. लांबून बघितलं तर खरंच उगवल्यासारखी दिसत होती. म्हणजे फार लांबून.

ठरल्याप्रमाणे क्षमा ताम्हन आणि हळदकुंकू घेऊन उतरली. तिच्या तोंडात चूळ, माझ्या तोंडात चूळ. बाल्कनीत आई. क्षमानं रोपांना हळदकुंकू वाहिलं आणि एकेक उपटलं. रोपं इतक्या सहज वर आली की क्षमा एकदा तोल जाऊन मागे बसली. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं, आणि दोघांचे गाल फुगलेले असल्यामुळे भांडण पुढे गेलं नाही.

दारात आई वॉकर धरून उभी होती. रीतीप्रमाणे क्षमाच्या पायांवर दूध-पाणी घालायचं, पण आईनं आधी जुडी हातात मागितली. मुळं बघितली. चिखल बोटानं बाजूला केला. आणि एका रोपाच्या मुळांत गुंतलेला, चिखलात माखलेला एक लाल रबरबँड बोटात अडकवून वर काढला.

“नदी हल्ली रबरबँड लावून देते?” तिनं विचारलं.

मी चूळ गिळली. क्षमानं मोरीत जाऊन टाकली आणि तिथंच थांबली. ती लबाड आहे.

“आई,” मी म्हणालो, “बाजारातली आहे. मी रोवली.”

आईनं मान हलवली. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. वॉकर वळवून ती आत जायला लागली. म्हणाली, “असू दे. तू तरी काय करणार? तिलाच यायचं नाही.”

“नाही आई, तसं नाही. ऐक ना.” आणि मग मी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा, एकही मोठा शब्द न वापरता. बोंड कसं तडकतं ते सांगितलं. बोळवलेल्या गौरीच्या बिया उतारावर पडायच्या आणि त्याच पुढच्या श्रावणात उगवायच्या, हे सांगितलं. “मी बोळवण बंद केली. कलशात घातली तिला. मग ती उगवणार कुठून? ती गेली नाही आई, मी घालवली. माझ्या मूर्खपणानं.”

आई पलंगावर बसली. रबरबँड बोटाभोवती गुंडाळायला लागली.

“म्हणजे ती रुसली नव्हती?” तिनं विचारलं.

“कोण?”

“गौर रे. मला वाटलं, माझं काही चुकलं. पडल्यापासून माझ्याच्यानं सोवळं होत नाही, उपास होत नाही. मी स्वतः तिला आणायला जाऊ शकत नाही. म्हटलं, सुनेला पाठवते म्हणून रागावली असेल. तीन वर्षं मी रोज तिची माफी मागते.”

मी तिच्या पायाशी खाली बसलो. मला फार वाईट वाटलं. तीन वर्षं मी बाहेर सामू सामू करत हिंडत होतो आणि घरात माझी आई रोज एका तेरड्याची माफी मागत होती. मी एवढंच म्हणालो, “तुझं काही चुकलं नाही. काहीच नाही.”

आई एकदम हसायला लागली. कवळी निसटेपर्यंत हसली. “गाढवा,” ती म्हणाली, “ही कुठली आहे माहीत आहे का तुला? इथं राहायला आले तेव्हा इथं नावाला तेरडा नव्हता. पहिली गौर मी संगमेश्वराहून आणली. एसटीत. फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन, तोंडात चूळ धरून.”

“संगमेश्वरपासून? चूळ?”

“महाडपर्यंत धरली. मग कंडक्टरनं तिकीट विचारलं.” ती पुन्हा हसली. “इथं बोळवली आणि दुसऱ्या वर्षी उगवली. मला वाटलं, हिला जागा आवडली.”

क्षमा मोरीतून बाहेर आली. आईनं तिला सांगितलं, “मुखवटा काढ गं खाली. बाजारातली तर बाजारातली, पाहुणी आली म्हणून बसवू. पण एक अट. बोळवायची नदीवर. त्या डबड्यात नाही.”

इथं माझी खरी परीक्षा होती. गटावर तोवर माझी ओळख पटली होती. ‘ॲडमिननी कारवाई करावी’ म्हणणाऱ्यांना मी ॲडमिन या नात्यानं कळवलं की दोषी सापडला आहे, तो मीच आहे, आणि परवा दिवशी तो हाच गुन्हा पुन्हा करणार आहे. मग कारण लिहिलं. दोन जण गट सोडून गेले. बाकीच्यांनी बराच खल करून ठरवलं, की साडी, हार, मुखवटा, प्लास्टिक, सगळं काढून नुसता तेरडा काठावर ठेवायला हरकत नाही. देवनळवाल्या काकांनी पुस्ती जोडली, ‘रबरबँडही काढावा.’

विसर्जनाच्या दिवशी आई बाल्कनीतून सूचना देत होती आणि मी माझ्याच बोर्डाखाली गुडघ्यावर बसून गौर बोळवत होतो. नंदानं पुन्हा फोटो काढला. या वेळी तोंडाच्या बाजूनं.

त्यानंतरचं वर्ष मी रविवारी जरा कमी बोललो. नंदा म्हणते, जरा म्हणजे अगदी जरा. उन्हाळ्यात उतार भाजून निघाला, पावसात दोनदा पूर आला, लव्हाळे झोपले आणि पुन्हा उठले. मी रोज सकाळी जाऊन बघायचो आणि वर काही नाही म्हणून यायचो. आई विचारायची नाही, फक्त माझं तोंड बघायची. मग एक दिवस उंबराच्या मुळाशी, पाण्यापासून जरा वर, दातेरी पानांची इवली इवली रोपं दिसली. मी अ‍ॅप काढलं. अ‍ॅप म्हणालं, मिरची असू शकते. मी अ‍ॅप काढून टाकलं.

गौरी आवाहनाच्या दिवशी आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही उतारापर्यंत नेलं. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं नंदा. नंदा म्हणाली, मी चूळबीळ धरणार नाही हं, पेशंट उचलायला मात्र मला येतं. उतार गुलाबी झाला होता. पूर्वीइतका नाही, पण गुलाबी म्हणावा इतका. आईनं खुर्चीतूनच वाकून हात घातला आणि एक रोप मुळासकट उपटलं. ओली माती तिच्या पातळावर पडली. तिनं ते रोप तोंडासमोर धरलं.

“आलीस गं बाई?” ती म्हणाली.

मग तिनं ते क्षमाच्या ताम्हनात ठेवलं. क्षमानं चूळ भरली, मी चूळ भरली. आईच्या कवळीमुळे तिच्या तोंडात पाणी राहत नाही, म्हणून तिला सूट.

नेमका रविवार होता. फेरीला आलेली मंडळी काठावर उभी राहून सगळं बघत होती, त्यात बरीच नवीन होती. एक मुलगी पुढे आली, माझं जाकीट बघितलं, बोर्डावरचं नाव बघितलं आणि वही उघडून म्हणाली, “सर, ही झाडं कुठली? मागच्या वर्षीपर्यंत इथं नव्हती म्हणे. इथं कशी आली?”

आयुष्यभर मी ज्या प्रश्नाची वाट बघत होतो तो हाच. त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. बोंडं, बिया, पूर, मुळं, माणसं, निदान अर्ध्या तासाचं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि तोंडात पाणी होतं. मी मान हलवली. क्षमाचे खांदे हसण्यानं हलत होते, पण ती मागे वळली नाही.

मुलीनं गोंधळून आईकडे बघितलं.

“संगमेश्वरची आहेत,” आई म्हणाली. “एसटीनं आली.”

मुलीनं तसंच लिहून घेतलं. मी खुर्ची उचलली. घरापर्यंत चूळ सुटू दिली नाही, एवढं मात्र त्या दिवशी मी केलं.